बुपी की रोपी? लहान मुलांच्या कॉडल ब्लॉकमधल्या या चुका टाळा

हर्नियाचं पोर टेबलावर आलं की रेसिडेंट हमखास विचारतो, "मॅडम, बुपी भरू की रोपी?" वजन विचारणारा क्वचितच भेटतो. आणि घोळ होतात ते बहुतेक वजनाच्या हिशेबातच.

ज्यांचा ऑपरेशन थिएटरशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मूल भुलीत गेल्यावर त्याला कुशीवर वळवून माकडहाडाच्या किंचित वर असलेल्या फटीतून सुन्न करणारं औषध सोडायचं, म्हणजे कॉडल. हर्निया, अंडवृद्धी, सुंता अशा बेंबीखालच्या शस्त्रक्रियांसाठी याच्याइतकं सोपं वेदनाशमन दुसरं नाही. औषधं मुख्यतः तीन: बुपिव्हाकेन (बुपी), लिव्होबुपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन (रोपी). बुपिव्हाकेनमध्ये डाव्या-उजव्या हातासारखे एकमेकांचं प्रतिबिंब असलेले दोन रेणू मिसळलेले असतात. त्यातला उजवा हृदयाच्या सोडियम वाहिन्यांना जास्त चिकटून बसतो. बुपिव्हाकेननंतर हृदय बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करणं किती अवघड जातं, याकडे १९७९ साली जॉर्ज ऑलब्राइट यांनी संपादकीय लिहून लक्ष वेधलं. पुढे आलेल्या दोन्ही औषधांत फक्त डावा रेणू आहे.

इथूनच पहिली चूक सुरू होते. "रोपी सेफ आहे" हे वाक्य कानावर पडलं की हात सैल सुटतो. रोपी बुपीपेक्षा कमी घातक आहे, निर्धोक नाही. शिवाय आपण तुलना करतो ती ०.२५% बुपीची ०.२% रोपीशी. रोपी मुळात थोडं सौम्य, त्यात द्रावणही पातळ. मग रोपीनंतर पाय लवकर हलले तर सगळं श्रेय रेणूला कसं द्यायचं? वेदना थांबण्याचा काळ दोन्हींत साधारण सारखाच, एका इंजेक्शनला चार ते सहा तास.

आता हिशेब. टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे ०.२५% द्रावणात २.५ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १ मिलिलिटर दिलं तर १२ मिलिलिटर, म्हणजे ३० मिलिग्रॅम. बुपीची कमाल मर्यादा किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे तेवढीच. खातं रिकामं! त्यानंतर टाके घालताना सर्जन "जरा लोकल मारतो" म्हणत त्याच ०.२५% बुपीचे ५ मिलिलिटर टाकतात आणि आकडा किलोमागे साडेतीनवर जातो. सुरुवातीलाच सिरिंज पातळ न करता ०.५% ची भरली असेल, तर कॉडलमध्येच ६० मिलिग्रॅम गेले.

"मॅडम, कॉडल रोपीची आहे, सर्जनचं बुपी वेगळं," असाही युक्तिवाद ऐकला आहे. औषधं वेगळी, विषबाधा एकच, आणि ती बेरजेनं वाढते. त्याच मुलाला ०.२% रोपीचे १२ मिलिलिटर म्हणजे २४ मिलिग्रॅम. किलोमागे ३ च्या हिशेबानं मर्यादा ३६, म्हणजे ६७% वापरली. सर्जनच्या बुपीचे साडेबारा मिलिग्रॅम म्हणजे ३० पैकी ४२%. बेरीज १०९. लिग्नोकेन हे सुन्न करणारं आणखी एक औषध, तेही याच वहीत लिहायचं. मी फळ्यावर उरलेले मिलिलिटर लिहून ठेवते. सर्जन वैतागतात, वैतागू देत.

सहा महिन्यांखालच्या बाळांना मात्रा निदान ३०% कमी करावी. त्यांच्या रक्तात औषधाला बांधून ठेवणारं प्रथिन कमी असतं, त्यामुळे मोकळं औषध जास्त फिरतं. यकृतही अजून शिकाऊ.

सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढला, रक्त आलं नाही, म्हणून सगळं एकदम ढकलणं ही जुनीच खोड. लहान मुलांच्या शिरा ओढीनं चपटतात, म्हणून रक्त न येणं हा पुरावा नव्हे. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेली चाचणी मात्रा द्या, मग थोडं थोडं सोडा आणि नजर मॉनिटरवर ठेवा. सुई शिरेत असेल तर या मात्रेनं नाडी वाढते, पण सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूखाली ती नेहमी वाढेलच असं नाही. ईसीजीतली टी लहर उंचावली तरी थांबा. विषबाधेच्या सुरुवातीला तोंड बधिर होतं, पण झोपलेलं मूल ते सांगणार नाही आणि झटकेही भुलीत दबून जातात. पहिली खूण थेट हृदयाची असू शकते.

म्हणून २०% लिपिड, म्हणजे या विषबाधेवर शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हे ब्लॉकच्या आधी विचारा. किलोमागे १.५ मिलिलिटर, म्हणजे आपल्या बारा किलोच्या मुलाला १८ मिलिलिटर लगेच, मग ठिबक. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही तसंच पांढरं दिसतं, म्हणून ते लिपिडऐवजी चालत नाही. अ‍ॅड्रेनलिन लागलंच तर किलोमागे १ मायक्रोग्रॅमपर्यंतच्या छोट्या मात्रेत.

चीर देताच नाडी उसळली तर? आधी घड्याळ पाहा. ब्लॉक देऊन दहा-पंधरा मिनिटं झाली नसतील तर सर्जनला थांबवा. तरीही ब्लॉक लागला नसेल, तर दुसरी पूर्ण कॉडल देऊ नका, खातं आधीच रिकामं आहे. फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल यांवर निभवा.

रिकव्हरीत रडणारं प्रत्येक मूल दुखतंय म्हणून रडत नाही. भूक असते, भूल उतरतानाचा गोंधळ असतो, आणि पाय आपले वाटत नाहीत ही भीतीही असते. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींना गुण देणारी फ्लॅक पट्टी वापरा. आईनं घेतल्यावर शांत झालं, तर फेंटानिलची सिरिंज खाली ठेवा.

घरी सोडताना आईवडिलांना दोन गोष्टी सांगायच्या राहतात. पाय जड असेपर्यंत पोराला एकट्यानं उभं करू नका. आणि पॅरासिटामॉलचा पहिला डोस, किलोमागे १५ मिलिग्रॅम, दुखायला लागण्याआधीच द्या. थिएटरमध्ये शिरेतून दिलेलं असेल, तर ती वेळ कागदावर लिहून द्या आणि पुढचा डोस सहा तासांनी. दुपारी एकची कॉडल संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान उतरते, आणि रात्री आठला फोन येतो: "डॉक्टर, दिवसभर खेळत होता, आता हात लावू देत नाही."