नाव वेगळं, मशीन जपानी
अमेरिकेत जुन्या सामानाच्या दुकानात अनोळखी नावाची काळी जड शिलाई मशीन दिसली तर नावावर जाऊ नका, १९५० च्या आसपास जपानी कारखाने सिंगर कंपनीच्या १५ नंबर मॉडेलची कॉपी बनवायचे आणि अमेरिकेतला दुकानदार आपलंच नाव चिकटवायचा. मशीन आडवी करून खाली बघा, ओतीव लोखंडात जेए (JA) किंवा जेसी (JC) असा कोड असेल तर जपानीच. 'ऑक्युपाइड जपान' (महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातला जपान) लिहिलंय? मग १९५२ च्या आधीची.

चाक जाम असेल तर जोर अजिबात लावू नका प्लीज, सुकलेलं तेल असतं ते. प्रत्येक सांध्यात केरोसीनचे थेंब, रात्रभर थांबा, मग पुसून शिलाई मशीनचंच तेल, खोबरेल नाही!! मशीनवरच्या नक्षीवर स्पिरिट लावलं तर ती कायमची जाते. सुई, बॉबीन साधीच, आजही मिळते.