पहिल्या इलेक्ट्रिक आरसी (रेडिओने चालवायच्या) विमानाची वायरिंग कशी करावी

सर्व भाग विमानात बसवण्याआधी एकदा टेबलावर जोडून चालवून पाहावेत आणि चाचण्या पूर्ण होईपर्यंत मोटरला प्रोपेलर लावू नये. थ्रॉटलची, म्हणजे ट्रान्समीटरवरील (हातातील रिमोटवरील) वेगाच्या कांडीची, दिशा उलटी निघाली किंवा कांडीला चुकून धक्का लागला, तर मोटर क्षणात पूर्ण वेग घेते आणि फिरता प्रोपेलर बोटांना खोल जखम करतो.

प्रथम भाग एकमेकांना साजेसे आहेत का ते पाहावे. बॅटरीतील वीज ईएससी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारे सर्किट, ब्रशलेस मोटरकडे पाठवते. त्याच्यातच बहुधा बीईसी असते, जे ५ व्होल्टचा पुरवठा करून रिसीव्हर (ट्रान्समीटरचे संकेत पकडणारा भाग) आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) चालवते. मोटर जास्तीत जास्त २० अँपिअर घेत असेल, तर ईएससी ३० अँपिअरचे घ्यावे. तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा नाममात्र विद्युतदाब ११.१ व्होल्ट असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट, तेवढा दाब ईएससी आणि मोटर दोघांनाही चालला पाहिजे. २२०० मिलीअँपिअर-तासांची २५ सी (म्हणजे क्षमतेच्या २५ पट प्रवाह देणारी) बॅटरी हिशेबाने ५५ अँपिअर देऊ शकते, परंतु वेष्टनावरचा हा आकडा बऱ्याचदा उदार हाताने छापलेला असतो, म्हणून निवड करताना भरपूर जागा राखावी.

ईएससीला बॅटरीचा कनेक्टर सोल्डर करण्याचे काम सर्वांत जपून करण्यासारखे आहे, कारण येथे लाल आणि काळी तार उलटी लागली, तर बॅटरी जोडताक्षणी ईएससी जळते. आक्रसणारी नळी तारेवर आधीच ओवून ठेवावी. सोल्डर झाल्यावर ती घालता येत नाही. तारेचे टोक आणि कनेक्टरची वाटी दोन्हींवर आधी सोल्डर चढवून मग ती एकत्र तापवावीत. एक्सटी६० कनेक्टर तापल्यावर त्याचे प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात. म्हणून सोल्डर करताना त्याचा सुटा जोडीदार त्यात खोचून ठेवावा. त्या जागी बॅटरी मात्र कधीही जोडलेली नसावी. जोड पूर्ण झाल्यावर मल्टिमीटरने ध्रुव तपासावेत आणि दोन तारांमध्ये शॉर्ट नाही याची खात्री करावी.

मोटरच्या तीन तारा ईएससीला कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी चालतात. मोटर उलटी फिरली, तर त्यांतील कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी.

ईएससीची बारीक तीनपदरी केबल रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनेलला लावावी. पुष्कळ रिसीव्हरांत १ एलेरॉन (पंखांवरील हलत्या पट्ट्या), २ एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी), ३ थ्रॉटल आणि ४ रडर (शेपटीची उभी पट्टी) असा क्रम असतो, पण काहींत थ्रॉटल पहिले येते. त्यामुळे माहितीपुस्तिका पाहूनच प्लग लावावेत. काळी किंवा तपकिरी तार ऋण, मधली लाल धन आणि उरलेली पांढरी, पिवळी वा नारिंगी तार सिग्नलची असते. धन तार मध्ये असल्यामुळे उलटा लागलेला प्लग सहसा काही जाळत नाही, फक्त सर्व्हो हलत नाही. दोन एलेरॉन सर्व्हो एकाच चॅनेलवर चालवायचे असतील, तर वाय आकाराची केबल वापरावी.

आता थ्रॉटल सर्वांत खाली ठेवून आधी ट्रान्समीटर सुरू करावा आणि मग बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा असतो. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर यांची जोडी पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावी आणि ईएससीला थ्रॉटलची दोन टोके शिकवावीत: बहुतेक ईएससींत थ्रॉटल पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडतात आणि ठरलेले बीप ऐकू आले की तो खाली आणतात. प्रोपेलर काढून ठेवण्याचा आग्रह याच पायरीसाठी सर्वाधिक महत्त्वाचा आहे. त्यानंतर फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावरची सुरक्षा, तपासावे. ट्रान्समीटर बंद करताच मोटर थांबलीच पाहिजे.

सर्व्हो मध्यभागी आल्यावरच त्यांच्या भुजा काटकोनात बसवाव्यात. मग विमानाच्या मागे उभे राहून दिशा पाहाव्यात: कांडी उजवीकडे नेल्यावर उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली जावे, कांडी स्वतःकडे ओढल्यावर एलेव्हेटर वर उठावे, आणि उजव्या रडरला पृष्ठाची मागची कड उजवीकडे वळावी. चूक असल्यास ट्रान्समीटरमधील रिव्हर्स सेटिंग वापरावे.

विमानात भाग बसवताना ईएससीला वाहती हवा मिळेल अशी जागा द्यावी. तारा अपुऱ्या पडल्या, तर मोटर आणि ईएससी यांच्यामधील तारा वाढवाव्यात. बॅटरीकडील लांब तारांमुळे दाबाचे झटके वाढून ईएससीचे कपॅसिटर खराब होतात. रिसीव्हरच्या दोन अँटेना असल्यास त्या एकमेकींशी काटकोनात, बॅटरी आणि कार्बन फायबरपासून दूर ठेवाव्यात. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि तिची जागा विमानाचा गुरुत्वमध्य नकाशातील खुणेवर येईल अशी ठरवावी.

रेंजची, म्हणजे सिग्नल किती दूर पोचतो याची, चाचणी झाल्यानंतर प्रोपेलर आकड्यांची बाजू पुढे ठेवून लावावा. विमान घट्ट पकडून वॅटमीटरवर पूर्ण थ्रॉटलचा प्रवाह मोजावा. तो मोटर किंवा ईएससीच्या मर्यादेजवळ गेला, तर कमी व्यासाचा किंवा कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर पुढे सरकणारा) प्रोपेलर घ्यावा.