थंड पाण्यात स्कूबा करायचंय? मग अंगातली ऊब कशी टिकवायची ते वाचा (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरांसाठी)

आपल्याकडं स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी मारणं, त्या बुडीला डाईव्ह म्हणतात) म्हटलं की मालवण नाहीतर गोवा, लईच हौस असली तर मुर्डेश्वरचं नेत्राणी, आणि तिथलं पाणी 27-28 डिग्रीच्या आसपास, पातळ सूट घातला की काम झालं. पण आता आपल्या भागातली बरीच पोरं शिकायला, नोकरीला इंग्लंड-जर्मनीकडं गेलीत आणि तिथं डाईव्ह म्हणजे पाणी भरलेल्या जुन्या दगडाच्या खाणीत, हिवाळ्यात पाणी पाच-सहा डिग्री. आइसलँडमधल्या सिल्फ्रा या पाणी भरलेल्या भेगेत तर वर्षभर 2 ते 4 डिग्री. तिथं "आम्ही जानेवारीत विहिरीत उड्या मारतोय की गा" हे चालत नाही. एकतर आपल्या विहिरीचं पाणी हिवाळ्यात सकाळी उलट कोमटच लागतंय, आणि विहिरीत आपण हातपाय मारून दहा मिनिटांत वर येतो, स्कूबात तीस-चाळीस मिनिटं जवळजवळ न हलता तरंगत राहायचं असतंय.

मुळात पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढतंय, म्हणून 27 डिग्रीतसुद्धा दुसऱ्या डाईव्हला दात वाजायला लागतात. खाली गेल्यावर गेलेली ऊब परत मिळत नाही, त्यामुळं जे काय करायचं ते पाण्यात उतरायच्या आधीच.

आधी सूटचं बघू. वेटसूट म्हणजे आत थोडं पाणी येऊ देणारा सूट, तो निओप्रीन नावाच्या रबराचा असतोय, त्यात बारीक बारीक गॅसचे बुडबुडे असतात आणि ऊब धरतात ते बुडबुडेच. 24-25 च्या वर पाणी असेल तर 3 मिलिमीटर, 18 पासून तिथपर्यंत 5, त्याखाली 12 पर्यंत 7 मिलिमीटरचा सेमी-ड्राय (कमी पाणी आत घेणारा वेटसूट) आणि डोक्याला हूड म्हणजे टोपडं, आणि 10-12 च्या खाली सरळ ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट. हे आकडे माणसागणिक बदलतात, सडपातळ माणसानं एक पायरी वरचाच सूट घ्यावा. पण जाडीपेक्षा फिटिंग महत्त्वाचं. पाठीच्या कण्याजवळ, बगलेत, मानेला सूट फुगत असेल तर प्रत्येक हालचालीला आतलं गरम झालेलं पाणी बाहेर आणि थंड पाणी आत, मग 7 मिलिमीटर घालूनपण फायदा शून्य. भाड्याचा सूट घेताना दोन बोटांत दाबून बघा, जुन्या सूटचं निओप्रीन चेपून पातळ झालेलं असतंय, लेबलवर 5 असलं तरी.

अजून एक, वर मस्त ऊबदार वाटणारा सूट खाली तसा राहत नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट, 30 मीटरवर चौपट, ते बुडबुडे चेपतात आणि सूट पातळ होतोय. त्यात खालचं पाणीपण वेगळं. उन्हाळ्यात हिडकल डॅमसारख्या खोल साठ्याचं वरचं पाणी तापलेलं असतंय पण खालचं गारच राहतंय, त्या दोन थरांच्या सीमेला थर्मोक्लाईन म्हणतात. म्हणून "तिथं पाणी किती डिग्री" एवढंच विचारू नका, तळाला किती ते विचारा.

ड्रायसूटमध्ये पाणी आत येत नाही, पण तो सूट स्वतः फारसा गरम नसतोय, ऊब येते ती आतल्या कपड्यांनी आणि त्यात अडकलेल्या हवेनं. अंगाला लागून लोकरीचं किंवा चांगलं सिंथेटिक, वर जाड अंडरसूट. खडेबाजारातनं घेतलेलं सुती बनियन अजिबात नको, कॉटन घाम पिऊन गार पडतंय. लोकरीचं तसं नाही, घोंगडं पावसात भिजलं तरी आत धनगराला ऊब असते ना, तेच इथं. आणि ड्रायसूटचा वेगळा कोर्स असतोय, तो केल्याशिवाय उतरू नका, कारण आतली हवा पायाकडं गेली की माणूस उलटा होऊन वर फेकला जाऊ शकतो.

हात आणि डोकं यांना लोक किरकोळ समजतात. बोटं बधिर झाली की बटण दाबता येत नाही, बक्कल निघत नाही, मग ऊब राहू दे, जीवाचाच प्रश्न. ग्लोव्ह्ज घालून वेटबेल्टचं (खाली जायला कमरेला बांधतात त्या वजनाच्या पट्ट्याचं) बक्कल उघडता येतंय का ते काठावरच करून बघा. वेटसूटवाल्यांनी उतरायच्या आधी थर्मासमधलं कोमट पाणी ग्लोव्ह्जमध्ये, हूडमध्ये ओतलं तर पहिला झटका बसत नाही.

रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, थंड पाण्याचाच हवा, 10 डिग्रीच्या खाली साधा गोठून हवा सुसाट सोडायला लागतोय. काठावर उगीच त्यातनं श्वास घेत, बटण दाबत बसू नका, श्वासातली ओल तिथंच गोठते. आणि तयारी उशिरा करा, अंडरसूट घालून अर्धा तास गप्पा मारल्या तर घामानं ओले होऊनच उतरणार.

लघवीला लागणार, हे सगळ्यांनाच होतंय, पाण्याचा दाब आणि थंडी दोन्हीमुळं शरीर पाणी बाहेर टाकतंय. वेटसूटमध्ये बहुतेकजण तिथंच उरकतात, कोण कबूल करत नाही एवढंच. त्या भीतीनं पाणी पिणं मात्र सोडू नका.

खाली थंडी वाजली तर दोन्ही हात छातीवर आडवे धरून दंड चोळायचे, बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, समजतंय. कापरं भरलं की डाईव्ह संपली, वर. वर जायची खूण म्हणजे अंगठा, आपल्याकडं अंगठा म्हणजे "भारी" असतंय, तो गोंधळ करू नका. कापरं भरेपर्यंत थांबायचं नाही याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या नौदलाच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की तळाला गरम आणि वर येताना गार, हा मेळ सगळ्यात वाईट, कारण खाली अंगात मुरलेला नायट्रोजन गारठलेल्या अंगातनं हळू निघतो, आणि तो अंगातच राहिला तर बुडबुडे होऊन त्रास होतो. म्हणून मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) जास्त सावध सेटिंगवर ठेवा, वेळ कमी धरा.

वर आल्यावर ओलं लगेच काढा, अंग पुसा, टोपी, वारा अडवणारं जॅकेट, गरम चहा. गोकाकचा करदंट बॅगेत असेल तर उत्तम, गूळ, डिंक, सुकामेवा, यापेक्षा बरा एनर्जी बार मिळायचा नाही. दारू नको, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतंय पण आतली उष्णता बाहेर जाते. कडकडीत पाण्यानं आंघोळ पण लगेच नको. बोलणं अडखळायला लागलं, चालताना झोक जायला लागला, तर ते साधं गारठणं नाही, लगेच मदत बोलवा.

आणि मालवण-गोव्यात डाईव्ह करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ती गरम पाण्यालापण लागू. अंगात उरलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्रास देतो. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, आणि डाईव्हनंतर विमानात बसायला थांबायचा सल्ला 600 मीटरच्या वरच्या उंचीपासून धरतात, एक डाईव्ह असेल तर 12 तास, जास्त असतील तर 18. म्हणजे दुपारी दोन डाईव्ह मारून संध्याकाळी चोर्ला किंवा आंबोली चढायचं नाही. रात्रीचा मुक्काम खालीच करा, मालवणात जेवणाची सोय चांगली आहे.