लोगोवर अडकलेला सॅमसंग: ओडिनने सॉफ्टवेअर टाकताना फाइल कशी निवडावी

सॅमसंगचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री अपडेट लावून ठेवलं, सकाळी फोन उघडेना. दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल. यातलं पहिलं बऱ्याचदा खरं असतं, दुसरं तितकंसं नाही. कंपनीचंच अधिकृत सॉफ्टवेअर नीट टाकलं तर डेटा राहू शकतो आणि नॉक्सलाही (सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा) धक्का लागत नाही. ओडिन (संगणकावरून सॅमसंग फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम) चालवणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत फाइल निवडण्यात आहे, आणि फोन बहुतेक वेळा तिथेच मरतात.

आधी रिकव्हरी

ओडिनकडे वळण्याआधी रिकव्हरी, म्हणजे फोनमधला दुरुस्तीचा मेनू, उघडून बघा. फोन केबलने संगणकाला जोडा (अँड्रॉइड ११ पासूनच्या बहुतेक मॉडेलांत केबलशिवाय रिकव्हरी उघडतच नाही), व्हॉल्यूम अप आणि पॉवर एकत्र दाबून धरा आणि लोगो दिसताच पॉवर सोडा. आधी ‘वाइप कॅशे पार्टिशन’ करा. ‘रिपेअर ॲप्स’ असेल तर तेही करा. या दोन्हींनी डेटा जात नाही. ‘वाइप डेटा’ला मात्र हात लावू नका. फोटो गेले की ते कुठल्याही ‘रिकव्हरी सॉफ्टवेअर’ने परत येत नाहीत, कारण आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि पुसताना त्याची किल्लीही पुसली जाते.

रिकव्हरी बंद करण्याआधी स्क्रीनच्या वरच्या बारीक ओळींचा फोटो काढून ठेवा. त्यात सध्याच्या सॉफ्टवेअरचा पूर्ण क्रमांक असतो आणि तो पुढे लागणार आहे.

तयारी

विंडोजचा संगणक, सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर, डेटा वाहून नेणारी चांगली केबल, निम्म्याहून जास्त बॅटरी आणि फोनवर असलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड.

फाइल निवडणं

सॅमसंगच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक पाहिला की बहुतेक लोक मॉडेल वाचतात आणि पुढचं सोडून देतात. नमुन्यासाठी हा घ्या: ए५०५एफ-डीडी-यू-९-सी-यू-एफ-४ (मूळ क्रमांकात मधल्या रेघा नसतात). ‘ए५०५एफ’ हे मॉडेल. ‘डीडी’ हा प्रदेश. पुढचा ‘यू’ म्हणजे साधं अपडेट. तिथे ‘एस’ असेल तर फक्त सुरक्षा अपडेट. मग ‘९’. त्यानंतरचा ‘सी’ ही त्या मॉडेलवरची अँड्रॉइडची पायरी, ‘यू’ हे वर्ष (आर २०१८, एस २०१९, टी २०२०, यू २०२१, असं पुढे), ‘एफ’ हा महिना (ए जानेवारी, एल डिसेंबर) आणि शेवटी त्या महिन्यातल्या बिल्डचा क्रमांक.

शेवटून पाचवं अक्षर, म्हणजे इथला ‘९’, याला रिपेअरवाले ‘बिट’ किंवा ‘बायनरी’ म्हणतात. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा. हा बूटलोडरच्या (फोन चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) सुरक्षेचा आकडा आहे. वाढलेल्या बिटचा बूटलोडर फोनमध्ये एकदा चालला की प्रोसेसरमधला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज जळतो, आणि जळलेला फ्यूज परत जोडता येत नाही. त्यानंतर फोन त्याच बिटचं किंवा वरच्या बिटचं सॉफ्टवेअर घेतो. खालचं घेत नाही. आकडे ९ पर्यंत जातात, पुढे ए, बी, सी सुरू होतात. म्हणजे ‘ए’ हा ‘९’च्या वरचा. ए बघून तो १च्या आधीचा समजणारे पुष्कळ आहेत.

व्हिडिओंमधला सल्ला असतो की जुनं, ‘स्टेबल’ सॉफ्टवेअर टाका, फोन सुसाट चालेल. बिट न बघता दिलेला हा सल्ला निव्वळ थापेबाजी आहे. बिट कमी करून देणारं ‘टूल’ विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. जळलेला फ्यूज कुठलंही सॉफ्टवेअर सांधत नाही. बिट सारखाच असेल तर जुनं अँड्रॉइड टाकता येतं, पण तेव्हा डेटा पुसावाच लागतो. नव्या अँड्रॉइडचा डेटा ठेवून खाली जुनं अँड्रॉइड सरकवलं तर आणखी एक बूटलूप (लोगोवरच फिरत राहणं) पदरात पडतो.

मग फोनचा बिट नेमका कुठून वाचायचा? रिकव्हरीतल्या क्रमांकावरून अंदाज येतो, पण अपडेट अर्धवट अडकलेलं असेल तर तो फसवू शकतो: बूटलोडर नवा बसलेला आणि बाकीचं जुनंच, असं होतं. म्हणून शेवटचा शब्द डाउनलोड मोडचा (ओडिनसाठी फोन ज्या स्थितीत न्यावा लागतो ती; कृती पुढे आहे). त्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत ‘एसडब्ल्यू रेव्ह’ अशी ओळ असते आणि तिच्यात ‘बी’च्या पुढे जो आकडा असतो, तो खरा बिट. दोन्हींत फरक दिसला तर डाउनलोड मोडचं ऐका.

मॉडेलही तिथूनच वाचा. मागच्या झाकणावर छापलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवू नका, विशेषतः फोन सेकंडहँड असेल तर. झाकणं बदललेली असतात, कधी बोर्डच दुसऱ्या फोनचा असतो. ए५०५एफ, ए५०५एफएन, ए५०५जीएन हे नावाने भाऊ असले तरी सॉफ्टवेअर वेगवेगळं. शेवटचं अक्षर जुळलंच पाहिजे.

प्रदेशाबद्दल एक गैरसमज: ‘डीडी’ असेल तरच भारतातला फोन, असं नाही. भारतात विकलेल्या कितीतरी मॉडेलांवर ‘एक्सएक्स’ लिहिलेलं असतं. भारतासाठी बघायचा तो सीएससी कोड (फोन कुठल्या देशासाठी आहे ते सांगणारा), आयएनएस. आखातातून किंवा युरोपातून आणलेल्या फोनचा कोड वेगळा असेल. त्यावर त्याच देशाची फाइल टाकलेली बरी.

फाइल थेट सॅमसंगच्या सर्व्हरवरून घ्या. फ्रिजासारखं टूल मॉडेल आणि सीएससी कोड घेऊन हेच करतं. टूलच्या नव्या आवृत्त्या आयएमईआयही मागतात. ते ताजीच आवृत्ती देतं, त्यामुळे बिट कमी पडण्याची भीती उरत नाही. टेलिग्रामवर कोणीतरी टाकलेली, नाव बदललेली फाइल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

झिप उघडली की बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी अशा पाच फाइली मिळतात. बीएल म्हणजे बूटलोडर, एपी म्हणजे मुख्य सिस्टीम, सीपी म्हणजे मोडेम. फक्त वायफायवर चालणाऱ्या टॅबलेटमध्ये सीपी नसते. सीपीच्या नावातला महिना किंवा शेवटचा आकडा बाकीच्यांहून जुना दिसला तर घाबरू नका; मोडेम दर वेळी बदलत नाही. पण वेगवेगळ्या झिपांतल्या फाइली एकत्र करू नका. फाइलींची नावं बदलू नका आणि त्यांना आणखी उघडत बसू नका.

उरला प्रश्न सीएससी की होम सीएससी. साधी सीएससी डेटा पुसते, होम सीएससी ठेवते. पहिला प्रयत्न नेहमी होम सीएससीने, तोही सध्याच्याच किंवा त्याहून नव्या आवृत्तीचा. त्याने फोन उठला नाही तरच साधी. दुकानात उलटं होतं, कारण साधी सीएससी टाकली की फोन परत तक्रारीला येण्याची शक्यता कमी. तुमचे फोटो हा त्यांचा प्रश्न नसतो.

डाउनलोड मोड

लूपमधला फोन बंद होत नाही. व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर धरून ठेवा. स्क्रीन काळी झाली की त्याच क्षणी पॉवर सोडून दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबा आणि केबल लावा. केबलचं दुसरं टोक संगणकातच हवं, चार्जरमध्ये नाही. निळसर इशारा आला की व्हॉल्यूम अप एकदाच, पटकन दाबून सोडा. दाबून धरलं तर ज्या फोनवर ओईएम अनलॉक (बूटलोडर उघडायची परवानगी देणारी सेटिंग) सुरू आहे तो बूटलोडर उघडण्याच्या पानावर जातो, आणि तिथे होकार दिला की सगळा डेटा साफ.

याच स्क्रीनवर ‘केजी’ची ओळ ‘लॉक्ड’ दाखवत असेल तर थांबा. तो हप्त्यावरचा किंवा कंपनीने बांधलेला फोन असू शकतो. सॉफ्टवेअर टाकून ते कुलूप निघत नाही.

ओडिन

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, स्मार्ट स्विच (सॅमसंगचा संगणकावरचा प्रोग्राम) असेल तर तो पूर्ण बंद करा. पोर्टचा रकाना निळा झाला आणि ‘ॲडेड’ दिसलं की चार फाइली (बीएल, एपी, सीपी आणि दोनपैकी एकच सीएससी) चार जागी भरा. एपी निवडल्यावर ओडिन काही मिनिटं गोठल्यासारखं दिसतं. काही गिगाबाइटची फाइल तपासत असतं ते, बंद करू नका. पर्यायांत ‘ऑटो रीबूट’ आणि ‘एफ रीसेट टाइम’ एवढंच. ‘री-पार्टिशन’ आणि ‘नँड इरेज’ कोणी कितीही सांगितलं तरी नाही. आयएमईआय गमावण्याचा हा हमखास रस्ता आहे. स्टार्ट दाबा. हिरवा ‘पास’ येईपर्यंत केबलला हात लावू नका.

लाल ‘फेल’ आलं तर कुठे आलं ते बघा. ‘सेटअप कनेक्शन’वर अडकलं तर दोष केबलचा किंवा पोर्टचा: मागचा यूएसबी २ पोर्ट घ्या, हब काढा, फोन पुन्हा डाउनलोड मोडमध्ये न्या. फोनवर ‘एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल’ आणि शेजारी दोन आकडे दिसले तर बिट चुकला. मोठा आकडा फोनचा, लहान तुमच्या फाइलचा. ‘ऑथ’ लिहून फेल झालं तर फाइल बहुधा दुसऱ्या मॉडेलची आहे. अर्ध्यावर तुटलं आणि फोन ‘इमर्जन्सी रिकव्हरी’ वापरायला सांगणारं पान दाखवू लागला तर घाबरायचं कारण नाही. ते पानही डाउनलोड मोडसारखंच चालतं. ओडिनला फोन दिसतो, योग्य फाइल पुन्हा टाका.

पास झाल्यावर

पहिल्यांदा फोन सुरू व्हायला दहा मिनिटंही लागतात. मग स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय आणि सिमचं नेटवर्क तपासा. साधी सीएससी टाकली असेल तर जुनं गूगल खातं मागितलं जाईल. हे गूगल खात्याचं कुलूप (एफआरपी) डेटासोबत पुसलं जात नाही, म्हणूनच पासवर्ड आधीच हाताशी हवा.

साधी सीएससी टाकूनही लोगोच फिरत राहिला, किंवा केबल आणि पोर्ट बदलूनही दर वेळी ‘नँड राइट स्टार्ट’नंतरच फेल आलं, तर स्टोरेजची चिप जात आलेली असण्याची शक्यता मोठी. डाउनलोड मोडमध्ये ‘एमएमसी रीड फेल’ अशी ओळ दिसली तर शंका नको. तिथे आणखी एखादी नवी फाइल शोधत बसू नका. ते चिप बदलणाऱ्याचं काम आहे, आणि चिप बदलली की जुना डेटा मिळत नाही.