फाइलींच्या परमिशन परत आणताना या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी लिनक्स सर्व्हरवर मला ‘सीएचमॉड -आर ७५५ ./’ एवढंच द्यायचं होतं, म्हणजे चालू फोल्डर आणि आतल्या सगळ्याच्या परमिशन (कोण वाचेल, लिहील, चालवेल) बदलायच्या होत्या. घाईत टिंब आणि स्लॅशच्या मध्ये एक स्पेस पडली, आणि कमांड सुट्या ‘/’ वर, म्हणजे अख्ख्या सिस्टिमवर सुटली. रूटनेच (सगळे अधिकार असलेल्या युजरने) लॉगिन केलेलं, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. कंट्रोल-सी दाबेपर्यंत ‘/ईटीसी’ (सेटिंग्ज) आणि ‘/यूएसआर’ (प्रोग्रॅम) दोन्ही उरकले होते. ‘सुडू’ (रूटचे अधिकार मिळवून देणारी कमांड) वरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम फाइलीच्या मालकाच्या अधिकारांनी चालवणारी खूण) उडाला, होस्ट की (सर्व्हरच्या ओळखीच्या गुप्त किल्ल्या) सगळ्यांना वाचता येतात म्हणून एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) नवीन कनेक्शन घेईना. एकही फाइल हरवली नव्हती, त्यामुळे डेटाच्या बॅकअपचा काडीचा उपयोग नव्हता.

अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरून ती रूटची खिडकी बंद करणं. ती उघडी आहे तोवर सगळं दुरुस्त होतं. बंद केलीत की थेट कन्सोल किंवा रेस्क्यू मोड.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर रोमन अक्षरांतच टाकायच्या. डॅशनंतरचा ‘आर’ सगळीकडे मोठा.)

मालक, ग्रुप, परमिशन आणि एसीएल (ठरावीक युजर किंवा ग्रुपला दिलेल्या जादा परमिशन) यांची नोंद ठेवायला ‘गेटएफएसीएल -आर’ पुरतं. त्याचं आउटपुट एका फाइलीत वळवायचं आणि गरज पडली की ‘सेटएफएसीएल --रिस्टोअर=’ पुढे त्या फाइलीचं नाव द्यायचं. ‘एलएस -एलआर’ चं आउटपुट जपून ठेवणारे अजून भेटतात. ते वाचायला बरं, पण कुठलीच कमांड ते परत लावून देत नाही.

आता खरी मेख. ‘गेटएफएसीएल’ ला ‘/एसआरव्ही/डेटा’ असा पूर्ण पाथ दिला तरी ते सुरुवातीचा स्लॅश काढून टाकतं. तसं सांगतंही, पण तो इशारा कोण वाचतो! मग रिस्टोअर होम डिरेक्टरीतून चालवलं की ‘अशी फाइल नाही’ च्या ओळी धो-धो येतात. हे परवडलं. त्या जागी योगायोगाने तसंच फोल्डर असेल, तर परमिशन गुपचूप भलत्याच फाइलींना लागतात. म्हणून आधी ‘सीडी /’ करा, मगच रिस्टोअर. किंवा नोंद घेतानाच ‘-पी’ लावा, म्हणजे स्लॅश टिकतो. आणि रिस्टोअर रूटनेच करा, कारण साध्या युजरला फाइलीचा मालक बदलता येत नाही.

माझ्याकडे नोंद नव्हतीच. तशाच दुसऱ्या सर्व्हरवरून ‘/ईटीसी’ आणि ‘/यूएसआर’ ची नोंद घेऊन इथे लावली. असं करताना मालकाची नावं नावांनीच राहू द्या. ‘-एन’ लावून आकडे घेतलेत तर एका मशीनवरचा ९९८ क्रमांकाचा युजर दुसऱ्यावर वेगळाच निघू शकतो.

एसीएलच्या नोंदीत फाइलीची कॅपॅबिलिटी (प्रोग्रॅमला दिलेला रूटचा एखादाच अधिकार) येत नाही. ती एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) असते, तिच्यासाठी ‘गेटएफअ‍ॅटर -आर -डी’. इथेही गोम आहे: हे फक्त ‘युजर’ ने सुरू होणारे अ‍ॅट्रिब्यूट दाखवतं. बाकीचे हवे असतील तर ‘-एम’ आणि त्यापुढे एक सुटा डॅश. बरेच जण पहिली कमांड चालवतात, रिकामं आउटपुट बघतात आणि ‘आपल्याकडे काही नाहीच’ म्हणून मोकळे होतात.

परत लावण्याचा क्रमही चुकवू नका. फाइलीचा मालक बदलला की लिनक्स तिच्यावरची कॅपॅबिलिटी पुसतो, एक्झिक्युटेबल असेल तर सेटयूआयडी बिटही जातो. म्हणून आधी मालक, मग परमिशन, शेवटी ‘सेटएफअ‍ॅटर --रिस्टोअर’. उलटं केलंत तर सगळ्या कमांड बिनतक्रार चालतात आणि नंतर एखादी सेवा, कॅपॅबिलिटी गेल्यामुळे, ८० नंबरच्या पोर्टवर बसायला नकार देते.

कॉपी करणाऱ्यांसाठी थोडक्यात. ‘आरसिंक -ए’ मधल्या ‘ए’ चा अर्थ ‘सगळं’ असा नाही. एसीएल, एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट आणि हार्डलिंक (एकाच फाइलीची अनेक नावं) यांसाठी मोठे ए, एक्स, एच वेगळे लावावे लागतात. ‘टार’ (फाइलींचं एक गाठोडं करणारी कमांड) ला ‘--एसीएल्स --एक्सअ‍ॅटर्स’ द्या, आणि उघडताना ‘--एक्सअ‍ॅटर्स-इन्क्लूड’ पुढे अवतरणात तारा (*), नाहीतर कॅपॅबिलिटी आर्काइव्हमध्येच राहते. ‘फॅट’ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर (तिथे मालक-परमिशन टिकत नाहीत) या फाइली सुट्या ठेवूच नका, टार करून ठेवा. गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं टूल) तर फक्त एक्झिक्युटेबल बिट लक्षात ठेवतं. बाकीचं गिटसोबत जपायचं तर ‘मेटास्टोअर’ हे छोटं टूल आहे.

फाइल बदलल्याची वेळ ‘गेटएफएसीएल’ नोंदवत नाही. ती हवी असेल तर ‘फाइंड’ च्या ‘-प्रिंटएफ’ ने वेगळी लिहून घ्या आणि ‘टच -डी’ ने लावा. सीटाइम (फाइल किंवा तिच्या परमिशन शेवटच्या बदलल्याची वेळ) मात्र अशा साध्या कमांडने मागे नेता येत नाही. ‘बॉर्ग’ सारखं बॅकअप टूल तोच बघून फाइल बदलली का ते ठरवतं, त्यामुळे अशा दुरुस्तीनंतरचा पहिला बॅकअप सगळ्या फाइली नव्याने वाचत बसतो. जागा फारशी वाढत नाही, वेळ मात्र लागतो. मध्येच तोडू नका.