सहा टोकांचा तारा दिसला तर कुठला ते कसं ओळखायचं

सहा टोकांचा तारा दिसला की लगेच ‘ज्यूंचा’ म्हणून मोकळं होऊ नका, आधी जागा आणि साल बघा. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावर कमानींच्या दोन्ही बाजूंना असेच तारे आहेत, १६व्या शतकातले, त्यांचा ज्यू धर्माशी काही संबंध नाही. मध्ये मंत्राचं बीजाक्षर आणि भोवती कमळाच्या पाकळ्या असतील तर ते हिंदू पूजेतलं यंत्र, वर टोक असलेला त्रिकोण शिव, खाली टोक असलेला शक्ती. सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर असेल तर साल नक्की चेक करा, कारण ज्यूंचं जुनं चिन्ह खरं तर मेनोरा, सात फांद्यांचा दिवा, तारा जोरात पसरला तो १९व्या शतकात, आणि १९४८ला इस्रायलच्या झेंड्यावर आला. पिवळ्या कापडाचा, वर जर्मनमध्ये ‘ज्यू’ लिहिलेला दिसला तर तो नाझींनी १९४१पासून जर्मनीत सक्तीने कपड्यांवर शिवायला लावलेला.