डोळ्याची आकृती काढताय? या चुका टाळा

आकृती तपासताना मी नावं नंतर वाचतो; आधी दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, कुठून निघालीय ते बघतो. बहुतेक वह्यांत ती गोलाच्या बरोब्बर मधोमध मागून निघते. तिथे हवा पीतबिंदू, सर्वांत स्पष्ट दिसण्याची जागा. दृष्टिचेता निघते नाकाच्या बाजूला सरकून. ती बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून तो अंधबिंदू.

एकदा वर्गात कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठिपका काढायला लावला. डावा डोळा मिटायचा, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो. एका पठ्ठ्याने पूर्ण ऐकून न घेताच उजवा डोळा मिटला. ठिपका काही जाईना. "सर, पुस्तकच चुकलंय!" वही बघितली, तर चेता मधोमध. म्हटलं, "अशी असती तर तू बघतोयस ती फुलीच गायब झाली असती ना?" गडी मुकाट्याने खोडरबर शोधायला लागला.

तेव्हापासून माझा नियम: आडव्या छेदात रेघ मारण्याआधी एका बाजूला 'नाक' लिहायचं.

दुसरी चूक उत्तरांत सापडते: "जवळचं बघताना स्नायू भिंगाला ताणतात." उलट आहे! हा स्नायू भिंगाभोवती कड्यासारखा असतो. तो आकुंचन पावला की कडं लहान होतं, भिंगाला धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकतेने फुगतं. मी कडं, तंतू, भिंग असं तीन पायऱ्यांत लिहायला लावतो. आद्याक्षरं जुळवून पाठ करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं; पण त्या युक्तीने नावं आठवतात, काम नाही.

बाकीच्या किरकोळ. बाहुली हा अवयव नव्हे, बुबुळातलं भोक आहे; तिथे पडदा काढू नका. भिंगाच्या पुढे पाण्यासारखा द्रव, मागे जेलीसारखा. दोन्हीकडे एकच नाव नको.

आणि प्रकाश फक्त भिंगच वाकवतं असं लिहू नका. डोळ्याच्या प्रकाश वाकवण्याच्या एकूण शक्तीचा सुमारे दोन तृतीयांश वाटा पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा असतो. म्हणून ते बाकी गोलापेक्षा जास्त फुगीर काढा, पण जाड नको. मध्यावर त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते.